उकरणार नाहीत अशी जागा

बाबासाहेबांच्या जयंतीला नाटक करायचं ठरलं आणि पडदा रंगवायचं काम चंपतच्या गळ्यात पडलं, यात नवल काहीच नव्हतं. पोलादाच्या नव्या कारखान्याशेजारी, खुर्सीपारच्या त्या टिनाच्या चाळींत हातात ब्रश धरता येणारा तो एकटाच होता. दिवसा कारखान्यात पाट्या आणि आकडे रंगवायचे, आणि संध्याकाळी कोणाच्या सायकलीवर नाव, कोणाच्या ट्रंकेवर गुलाब. पैसे कोणी देत नसे. ‘घरचाच रंगारी हाय’ म्हणत आणि चहावर भागवत.

पण पडदा म्हणजे चंपतचा जीव की प्राण. भंडाऱ्याकडच्या धानाच्या मुलखात तो वाढला होता. तिकडे सुगी झाली की गावोगाव नाटकं, आणि नाटकाला चार पडदे हवेतच : राजवाडा, जंगल, रस्ता आणि गाव. मिशी फुटायच्या आधीपासून चंपतनं ते रंगवले होते. गावाच्या पडद्याचा साचाही ठरलेला. मधोमध देऊळ, कळसावर झेंडा, एका बाजूला पाटलाचं माडीचं घर, दुसरीकडे विहीर, मागे डोंगर आणि डोंगराआडून सूर्य. डोळे बांधले तरी काढला असता त्यानं.

मांजरपाट शिवून झाला, चिंचोक्याची खळ लावून वाळला, आणि जयंती कमिटीचे अध्यक्ष भय्याजी पाहायला आले. भय्याजी कारखान्यात फिटर होते. त्यांचा आवाज असा की बाजूला हातोडा पडत असला तरी ऐकू यावा.

“चंपत, एक सांगून ठेवतो. पडद्यावर देऊळ नको. आता आपण बौद्ध हाओ.”

“नाही काढत. मंग मधात काय काढू?”

“विहार काढ.”

“आपल्या कोन्या गावात विहार हाय, भय्याजी?”

“बरं, शाळा काढ.”

“शाळेत आपल्याले वरांड्यात बसवत होते.”

“मंग विहीर—” भय्याजी म्हणाले आणि स्वतःच थांबले. त्या विहिरीवर दोघांपैकी एकाचाही पोहरा कधी पडला नव्हता. “राहू दे, राहू दे,” ते चिडून म्हणाले, “तू कलाकार हायेस ना? पाह्य तुह्यं तू.” आणि गेले.

झालं! आता हा बसला मांजरपाटासमोर डोकं धरून. डोंगर काढला, सूर्य काढला, धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं काढली, आणि मधला भाग तसाच कोरा.

खरं सांगायचं तर चंपतच्या डोक्यात पडदा अर्धाच होता. उरलेलं अर्धं डोकं बायकोपाशी होतं. रुक्माचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. रुक्माच्या आईचा, भागीरथाबाईचा, निरोप आला होता : जयंतीला मी येतो आणि मग पोरीला घेऊन जातो. आता ही भागीरथा म्हणजे चंपतची नुसती सासू नव्हे. ती त्याची सख्खी मामी. आईबाप लहानपणी गेले तेव्हा तिनंच त्याला वाढवलं आणि मग लेकही दिली. तिला नाही म्हणायची छाती चंपतला कुठून होणार?

पण त्याला नाही म्हणायचं होतं. बाळंतपण तिकडे झालं की बाळाची नाळ तिकडे पुरणार, मामीच्या घरामागं, जिथं चंपतची स्वतःची नाळ पुरलेली होती. आणि नाळ जिथं पुरली तिथं माणसाचा जीव अडकतो, असं त्याच्याकडचं लहान पोरही सांगेल. चंपतला नेमकं तेच नको होतं.

“बाबासाहेबानं हे सगळं सोडाले सांगतलं,” तो रुक्माला म्हणाला होता.

“देव सोडले मी,” रुक्मा म्हणाली. “नाळ का देव हाय?”

 चंपतनं हट्ट मात्र सोडला नाही.

आणि मग या शहाण्यानं काय करावं? त्यानं पडद्यावर गाव काढायला घेतलं ते असं काढलं, की बघणाऱ्याला तिथं जावंसंच वाटू नये. रुक्मा रोज संध्याकाळी पडद्याजवळ बसायची, चुलीवर सरस उकळून द्यायची, नाकाला पदर लावून रंग ढवळायची. तिच्या डोळ्यांसमोर गाव असं कोरडं ठणठणीत दिसलं, तर तिचा ओढा आपोआप कमी होईल, असं त्याचं गणित. बांध्या त्यानं भेगाळलेल्या काढल्या. नाल्यात पाणी काढलं नाही. घरं काढली ती मातकट, दारं लावलेली. आणि मामीच्या घराशेजारचं मोहाचं झाड त्यानं गाळूनच टाकलं.

 तिसऱ्या दिवशी सरसाचं पातेलं रुक्मानं आदळलंच.

“हे कोनाचं गाव हाय?”

“गाव हाय. असंच. नाटकातलं.”

“माह्या मायच्या घराजवळचं मोहाचं झाड कुठं गेलं?”

“सगळंच का काढत असतात पडद्यावर?”

“काढत नसतात, पन तुमी काढलं असतं. तुमी त्या झाडाखालीच लहानचे मोठे झाले.” रुक्माचा आवाज चढला. “मले का येडी समजता? झाड पुसून टाकलं म्हून मी गाव इसरीन? अवो, हा खोटेपना रंगात करता तुमी? माह्याशी भांडा ना! भांडाची हिंमत नाही, म्हून झाडं तोडून राहिले?”

चंपतला चोरी पकडल्यासारखं झालं. मग तोही भडकला. चूक आपली असली की माणूस जास्तच भडकतो.

“हो, तोडलं! कावून नाही तोडू? त्या गावच्या देवळाची भिंत मी रंगवली. बाहेरून, पराचीवर उभं राहून. काम झाल्यावर लोकायनं गोमूत्र शिंपलं, रंग ओघळला, आनं शिव्या कोन खाल्ल्या? म्या खाल्ल्या, का रंग कच्चा हाय म्हून! माह्यी नाळ तिथं पुरली, रुक्मा. इथं येऊन इतके वर्स झाले, पन सपनात मी अजून येशीच्या बाहेरच उभा राह्यतो. माह्या लेकराले तिथं नाही बांधू देत मी. इथं कोनाची येस नाही. ही जमीन कोरी हाय.”

“कोरी?” रुक्मानं हातानं बाहेर दाखवलं. “ही जमीन कोरी नाही, ही उकरेल हाय! आज नळासाठी खोदतात, उद्या तारेसाठी, परवा पहिला खड्डा चुकला म्हून दुसरा. शेजारच्या सुशीलाबाईच्या पोराची नाळ दारात पुरली होती. कुठं गेली? मातीसंगं ट्रकात. कोन्या रस्त्यात गेली, कोनाले मालूम? मले तुमचं गाव पाह्यजे नाही. मले अशी जागा पाह्यजे, का जिथं माह्या लेकराची नाळ उद्या कोनी उकरून फेकनार नाही. तशी जागा मले एकच मालूम हाय.”

एवढं बोलून ती आत गेली. भांडणात ती जिंकली होती, हे त्याला कळत होतं. तो इतकी वर्षं गावाला शिव्या देत आला होता, आणि बाई बिचारी गाव मागतच नव्हती. ती हातभर जमीन मागत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं पडद्यावर पांढऱ्याचा हात मारला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानं जागाच बदलली. नेहमीच्या पडद्यावर गाव वेशीच्या आतून दिसायचं, जिथं त्याला कधी कोणी उभंच राहू दिलं नव्हतं. या वेळी तो नाल्याच्या अलीकडे, मामीच्या आंगणात उभा राहिला, आणि तिथून जे दिसायचं ते काढत गेला. देऊळ राहिलं लांब, बोटाच्या पेरापेक्षा लहान. मधात ते नव्हतं, म्हणून भय्याजींचं भांडणही मिटलं. मधोमध आलं मामीचं आंगण, शेणानं सारवलेलं, आणि आंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं. झाड आलं. नाल्याला पाणी आलं. हे पाणी मात्र सगळ्यांचं होतं, कारण गावातलं वापरून झाल्यावर ते खाली यांच्याकडे येत असे.

काढता काढता चंपतला रडू आलं. कोणी बघत नव्हतं म्हणून त्यानं ते आवरलं नाही. त्या आंगणात तो जेवला होता, मार खाल्ला होता, काविळीतून उठला होता. जे गाव आपल्याला जवळ करत नाही, त्याचा एक कोपरा मात्र आपल्याला पोटाशी धरून बसलेला असतो, हे त्याला माहीत होतं, पण इतके दिवस त्यानं रागापायी त्या कोपऱ्याकडे बघितलंच नव्हतं.

जयंतीच्या दिवशी भागीरथाबाई पॅसेंजरनं आली ती थेट मांडवात. पडदा खाली सोडला तसे लोक माना उंचावून पाहू लागले. चाळींतली अर्धी माणसं भंडारा-गोंदियाकडची होती. मागच्या बायका उठून उभ्या राहिल्या. भय्याजींनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि भागीरथा मोठ्यानं म्हणाली, “बाप्पा! हे तर माह्यंच आंगन! पन चंपत्या, फुलं इतकी दाट पसरोत नसते रे, सडतात!”

सगळा मांडव हसला. रुक्माही हसली, पण तिचं सामान बांधून तयार होतं.

माणूस ठरवतो एक. दोन दिवसांनी निघायचं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी रुक्माला कळा सुरू झाल्या. दुसरं वाहन मिळेना, म्हणून भय्याजींनी कारखान्याचा एक ट्रक थांबवला आणि तिला दवाखान्यात पोचवलं. दुपारी मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, डोक्यावर ही जावळं. चंपत आनंदानं कॉरिडॉरमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत सुटला.

पण भागीरथाला वेगळीच काळजी. तिनं सिस्टरला गाठलं आणि नाळेसकट वार मागितली, पुरायला. सिस्टर केरळची. तिला आधी समजेना, आणि समजलं तेव्हा ती म्हणाली, “वो तो उसी टाइम फेंक दिया, अम्मा. इधर सबका फेंकते.” तिचं काही चुकलं नव्हतं. पण भागीरथा तिथंच फरशीवर बसली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

“पोरीले जागाच नाही ठेवली रे कुठं! ना इथं, ना तिथं!”

“माय, रडू नको,” खाटेवरून रुक्मा म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, पण डोकं जागेवर होतं. “बेंबीचा देठ राह्यला हाय अजून. तो गळंल ना.”

भागीरथेनं डोळे पुसले. मोठी वस्तू गेली तरी तुकडा उरला होता, आणि पुरायला तुकडाही चालतो. आता तो गळेपर्यंत थांबायचं आणि मग गावी न्यायचा, असं मायलेकींचं ठरलं. चंपतला कोणी विचारलं नाही. 

घरी आल्यावर काही दिवसांनी देठ गळला. रुक्मानं तो धुवट फडक्यात बांधला आणि फडकं हातात घेऊन बसली. भागीरथा दाराशी गाठोडं बांधत होती.

“रुक्मा,” चंपत म्हणाला, “मी मामीच्या आंगनाले नावं नाही ठेवत आता. पन पोरगी इथं जल्मली. थे फडकं मले देतेस का?”

रुक्मानं फडकं मुठीत धरलं. “जिथं उकरनार नाहीत अशी जागा दाखवा. देतो.”

अन् चंपतच्या डोक्यात उजेड पडला. अरे, आपण कारखान्यात दिवसभर करतो काय? जमिनीखाली विजेची मोठी तार असली की तिथं लाल पाटी लागते, ‘खोदना मना है’. ती पाटी दिसली की मोठ्यात मोठा ठेकेदारही कुदळ उचलत नाही. अशा किती पाट्या आपण स्वतःच्या हातानं रंगवल्या! त्यानं पत्र्याचा तुकडा घेतला, लाल रंग दिला, वर पांढरी अक्षरं काढली, अगदी सरकारी वळणाची, खाली विजेचं चिन्हसुद्धा. दारासमोर हातभर खड्डा केला. रुक्मानं फडकं दिलं. त्यावर माती लोटली आणि पाटी ठोकली.

भागीरथेनं नाक मुरडलं. “पाटी ठोकून का जमीन आपली होत असते? माह्यं ऐक, रुक्मे. काढ आनं बांध पदराले. उद्याची गाडी हाय.”

 रुक्माची ट्रंक अजून भरलेलीच होती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच चुन्याची पांढरी रेघ आली. चाळीला नळ द्यायचा होता. रेघ सरळ चंपतच्या दारासमोरून, पाटीच्या बुडातून गेली. मागोमाग कुदळी घेऊन माणसं आली. त्यांचा मुकादम केवलराम, छत्तीसगढी, वयानं उतरलेला, डोक्याला गमछा. पाटी दिसली तशी माणसं थांबली आणि केवलराम पुढे आला.  सरकारी पाटी खोटी बनवली म्हणजे नोकरीवर गदा, हे चंपतला आत्ता, या क्षणी सुचलं.

“का हे इहाँ, पेंटर?”

“केबल,” चंपत म्हणाला.

“ए डहर तो बिजली के खंभा घलो नइ आय हे. केबल कहाँ ले आही?”

इकडे अजून विजेचा खांबही आला नाही, केबल आली कुठून, असं म्हातारा विचारत होता, आणि बरोबर विचारत होता.  तेवढ्यात दारातून रुक्मा बोलली. पोर खांद्यावर, हिंदी मोडकीतोडकी, पण सरळ.

“केबल नहीं है, दादा. मेरी लडकी की नाल है. उसको मत खोदो.”

मागची पोरं फिसकन हसली. केवलराम हसला नाही. त्यानं कुदळ खाली टेकवली.

“नेरवा?” तो म्हणाला. त्यांच्याकडे नाळेला तेच म्हणतात. मग त्यानं वळून लांब बोट केलं, जिथं भट्टीचा धूर वर जात होता. “मोर नेरवा ओदे भट्ठी के खाल्हे गड़े हे.”

माझी नाळ त्या भट्टीखाली आहे. हे त्यानं रागानं म्हटलं नाही, कोणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं म्हटलं. कारखाना येण्याआधी तिथं त्याचं गाव होतं. घर होतं, घरामागं भाजीची बारी होती, चिंचेचं झाड होतं, बायका वडीपापड वाळत घालत ते आंगण होतं. तो सांगत गेला आणि चंपतला ते दिसत गेलं. ते गाव त्यानं नुकतंच तर रंगवलं होतं! कोरी जमीन म्हणून तो ज्या जमिनीवर आपली मुलगी रुजवायला निघाला होता, ती कोणाचं तरी आंगण पुसून कोरी झाली होती. त्याला शरम वाटली. मामीचं झाड गाळल्याची चोरी पकडली गेली तेव्हा वाटली होती त्याहून जास्त.

“दादा, मी झूठ बोला,” तो म्हणाला. “पाटी मैंने लगाई. मालूम नहीं था.”

“फिर तुम इधर क्यों रहते, दादा?” रुक्मानं विचारलं. “गाँव तो गया.”

“अउ कहाँ जाहूँ, बाई?” केवलराम म्हणाला. “मोर तो इहें हे.”

आणखी कुठं जाऊ, माझं तर इथंच आहे. एवढं बोलून त्यानं चुन्याची रेघ पायानं पुसली, कुदळीच्या टोकानं पाटीला वळसा घालून नवी रेघ ओढली आणि पोरांना ओरडला, “एती ले खनव! पाटी ला झन छूहू!” इकडून खणा, पाटीला शिवू नका. माणसं वळसा घेऊन खोदायला लागली.

रुक्मा दारात उभी राहून नवी रेघ पाहत होती. मग आईकडे वळून म्हणाली, “माय, मी नाही येत. जागा भेटली.”

भागीरथा रडली नाही, भांडली नाही. तिनं माठातलं पाणी गडव्यात घेतलं आणि केवलरामकडे नेलं. जवळ गेली आणि अडखळली. तिच्या हातून परक्या माणसानं पाणी घेतल्याचं तिला उभ्या जन्मात आठवत नव्हतं. गडवा खाली ठेवावा का, हे तिला समजेना. केवलरामनं घाम पुसला, गडवा तिच्या हातातून घेतला, तोंडाला लावला, घटाघटा प्याला आणि परत तिच्या हातात दिला. “अउ दे, दाई,” म्हणाला. आणखी दे.

भागीरथा रिकामा गडवा घेऊन आत आली. माठातून तिनं तो पुन्हा काठोकाठ भरला.

“नको येऊ,” ती लेकीला म्हणाली. “मीच येत जाईन.”